पासष्ट की अडुसष्ट

मँचेस्टरच्या दक्षिण अंगाला, रेल्वेच्या पुलाखालून वळणाऱ्या एका गल्लीत, घरी बिअर करणाऱ्या हौशी मंडळींच्या सामानाचे एक लहानसे दुकान आहे. दार उघडताच भाजलेल्या जवाचा खमंग आणि हॉपच्या वाळलेल्या फुलांचा कडवट असा मिश्र वास अंगावर येतो. जमिनीवर माल्टची पोती, फळ्यांवर काचेच्या बुधल्या, रबरी नळ्या, बुचे, तोट्या असा पसारा. आणि उजव्या हाताच्या भिंतीवर विक्रीचे थर्मामीटर एका ओळीने टांगलेले. त्या ओळीसमोर जो कोणी घटकाभर उभा राहील त्याच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहणार नाही. दुकानातली हवा एकच, भिंत एकच, खिळ्याखिळ्यांतले अंतर वीतभर. परंतु आम्ही गेलो त्या दिवशी एका थर्मामीटरच्या मते तेथे १७ अंश उष्णता होती, शेजारच्याच्या मते १९, आणि त्याच्याही पलीकडच्या गोल तबकडीचा काटा २१च्या पुढे जाऊन स्वस्थ बसला होता. दुकानदाराच्या चेहऱ्यावर या मतभेदाची यत्किंचित लाज दिसली नाही. "हवेत ते सगळेच थापा मारतात," तो म्हणाला, "पाण्यात बुडवले म्हणजे निम्मे तरी खरे बोलू लागतात."

मी तेथे गेलो तो केवळ सोबत म्हणून. माझ्या शेजारी राहणारे गृहस्थ छापखान्यात खिळे जुळवण्यात हयात घालवून निवृत्त झालेले; ओळीत केसाइतकी फट राहिली तरी जी नजर अस्वस्थ होई तीच नजर घेऊन ते आता आपल्या गॅरेजात बिअर करतात. मी या पेयाचा मोठासा भोक्ता नव्हे. सणासुदीला त्यांनी दिलेली बाटली पाहुण्यांपुढे ठेवावी आणि शिष्टाचार म्हणून अर्धा पेला आपणही घ्यावा, एवढीच माझी मजल. परंतु एखादी वस्तू सिद्ध होताना पाहत बसण्याचा मला जुना नाद आहे, आणि शनिवारी सकाळी त्यांच्या गॅरेजातून वाफ निघू लागली की माझे पाय आपसूक तिकडे वळतात. त्यांचा जुना थर्मामीटर दूधदुभत्याच्या कामाचा, तरंगणारा, काचेचा होता. असा थर्मामीटर पाण्यात उभा राहावा म्हणून त्याच्या बुडाशी शिशाचे छर्रे भरलेले असतात. ऐन कामात ढवळण्याचा दांडा त्याला लागला, तो फुटला, आणि काच व शिसे मिसळलेले ते सबंध घाण त्यांना टाकून द्यावे लागले. त्यानंतर नवा थर्मामीटर कोणता घ्यावा या एका प्रश्नावर त्यांनी जेवढा विचार केला तेवढा माझ्या माहितीतल्या काही लोकांनी लग्न ठरवतानाही केलेला नाही.

एवढा विचार कशासाठी, हे समजायला मॅश म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. मोड आणून वाळवलेला आणि भरड दळलेला जव घ्यायचा, आणि झाकणाच्या जाड पेटीत (शेजाऱ्यांची पेटी सहलीला थंड पदार्थ नेण्याची आहे) गरम पाणी ओतून तो त्यात कालवायचा. पाणी सुमारे ७२ अंशांचे असले म्हणजे गार धान्याशी मिळताच ते ६६-६७वर उतरते, आणि मग झाकण लावून तासभर स्वस्थ बसायचे. बाहेरून पाहणाऱ्याला त्या तासात काहीच घडत नाहीसे वाटते. आत मात्र जवाने स्वतःसाठी निर्माण केलेली दोन एन्झाइमे पिष्टावर तुटून पडलेली असतात. त्यांतले एक नाजूक प्रकृतीचे. ते पिष्टाच्या साखळीच्या टोकापासून दोन-दोन दुवे नेमाने सोडवीत जाते, त्यातून यीस्टला आवडणारी माल्टोज साखर होते, पण ६५ अंशांच्या वर त्याचा दम उखडू लागतो. दुसरे दणकट; ते साखळी मध्येच कोठेही तोडते आणि सत्तरीपर्यंत तग धरते. म्हणून ६५ अंशांवर राखलेल्या मॅशची बिअर हलकी, कोरडी, घशाखाली झरकन उतरणारी होते, आणि ६८वर राखलेलीची दाट, गोडसर, जिभेवर रेंगाळणारी. जव तोच, पाणी तेच, हॉप आणि यीस्टही तेच. तीन अंशांच्या फरकाने पेयाचा स्वभाव पालटतो. आणि भिंतीवरच्या त्या ओळीत तर एकाच हवेबद्दल चार अंशांचे मतांतर होते.

माझे बालपण कोल्हापूरच्या बाजूला गेले, आणि गुऱ्हाळावर मी गुळव्याला काम करताना पुष्कळ वेळा पाहिले आहे. चुलवाणात चिपाड धडाडत असते, काहिलीतला रस उसळ्या मारीत असतो, भेंडीच्या पाण्याने वर आलेली मळी काढून झालेली असते, आणि फेसाचा रंग, बुडबुड्यांचा आकार व उकळीचा आवाज यांवर कान-डोळे लावून तो माणूस उभा असतो. एका क्षणी तो पाक फावड्यावर उचलतो, त्यातले थेंब गार पाण्यात सोडतो, बोटांनी चाचपतो; गोळी वळली की हाक देतो, आणि चार-सहा माणसे धावून काहील वाफ्यात रिकामी करतात. तो क्षण सुमारे ११८ अंशांवर येतो, हे मी फार पुढे पुस्तकात वाचले. गुळव्याला हा आकडा कोणी सांगितला असता तर त्याने तो ऐकून घेतला असता, आणि पुन्हा फेसाकडे पाहिले असते. उशीर झाला तर गूळ करपणार आणि घाई झाली तर तो मऊ राहून पाघळणार, हे जोखीम त्याच्या एकट्याच्या शिरावर. आणि त्याच्या बोटांतले हे ज्ञान त्याच्या मुलाला बोटांनीच शिकावे लागे.

इंग्लंडचे बिअरवालेही अठराव्या शतकापर्यंत याच जातीचे होते. उकळलेले पाणी पिंपात घेऊन ते वाट पाहत. दाट वाफ विरळ होऊन पाण्यात स्वतःचा चेहरा दिसू लागला म्हणजे माल्ट घालण्याजोगे पाणी झाले, असा त्यांचा शिरस्ता होता. कोणी त्यात बोट घालून पाही, कोणी उकळत्या आणि गार पाण्याची ठराविक मापे मिसळी. अशा धंद्यात लंडनजवळचा मायकेल कॉम्ब्रून नावाचा बिअरवाला काचेची नळी घेऊन शिरला आणि १७५८ साली त्याने बिअर करण्यावर एक निबंध प्रसिद्ध करून मॅशची उष्णता अंशांत सांगायला सुरुवात केली. पण नव्या यंत्राला जुन्या घरात सहजासहजी पाट मिळत नसतो. हॅम्पशरमधील ऑल्टन गावच्या जेम्स बॅव्हरस्टॉकची हकिगत अशी, की बापाला असल्या नवलाईचा तिटकारा असल्यामुळे हा मुलगा थर्मामीटर त्याच्यापासून लपवून वापरीत असे. व्यसन लपवणारी मुले सगळीकडेच असतात. अचूकपणा लपवणारा मुलगा मला फार लोभस वाटतो. पुढे १७६८च्या सुमारास त्याला हायड्रोमीटरचा, म्हणजे द्रवाचे विशिष्ट गुरुत्व मोजण्याच्या यंत्राचा, नाद लागला, ते यंत्र घेऊन तो लंडनला सॅम्युएल व्हिटब्रेडसारख्या बड्या कारखानदाराच्या दारी गेला, आणि हे मनोराज्य सोडून आपला धंदा पाहावा एवढाच उपदेश पदरी घेऊन परतला.

बोहेमिया-बव्हेरियाकडच्या लोकांनी याहून चतुर तोड काढली होती. पाणी उकळते तेव्हा ते किती गरम आहे हे विचारावे लागत नाही. म्हणून ते मॅशचा साधारण तिसरा हिस्सा बाहेर काढीत, वेगळ्या कढईत खळखळून उकळीत आणि परत मूळ पिंपात ओतीत. की सबंध घाण दर खेपेस ठराविक पायरीने वर चढे, ३७वरून ५२, मग ६५, मग ७५च्या आसपास. हातात मापाचे भांडे असले म्हणजे पुरे, थर्मामीटर लागतच नाही. ही रीत मला वाचताक्षणी आवडली. निसर्गाने बांधून दिलेला एकच पक्का टप्पा धरून त्यावरून बाकीचे सगळे टप्पे हिश्शांच्या हिशोबाने काढायचे, यात एक प्रकारचे अंकगणिताचे काव्य आहे. परंतु त्याच मुलखातल्या तरुण पिढीला ते पुरेसे वाटले नाही. म्युनिकचा गाब्रिएल झेडल्मायर आणि व्हिएन्नाचा आन्टोन ड्रेअर हे दोघे १८३३ साली ब्रिटनमधील कारखाने पाहत हिंडले, तेव्हा त्यांच्या हातातल्या काठ्या आतून पोकळ होत्या आणि टोकाशी झडप होती. यजमानाची पाठ वळली की काठी पिंपात बुडवावी, आणि मुक्कामाच्या खोलीवर जाऊन त्या चोरलेल्या रसाची नीट तपासणी करावी. आपण काय करतो हे ठाऊक असलेले लोक आकड्यांसाठी चोरी करायला निघाले, ही गोष्ट गुळव्याला सांगितली असती तर तो पोट धरून हसला असता, की क्षणभर गंभीर झाला असता, याचा मला अंदाज येत नाही.

आकडे तरी कोठले सनातन! डान्झिगमध्ये जन्मलेल्या आणि ॲमस्टरडॅममध्ये काचकाम करणाऱ्या फॅरनहाइटने बर्फ, पाणी आणि नवसागराच्या मिश्रणाला शून्य म्हटले आणि निरोगी माणसाच्या अंगाला ९६. रेओम्यूरने १७३०मध्ये गोठणाऱ्या पाण्यापासून उकळत्या पाण्यापर्यंत ८० अंश ठेवले, आणि मध्य युरोपातले बिअरवाले त्याच मापाला दीर्घकाळ चिकटून राहिले. सेल्सिअसने १७४२ साली १०० भाग केले खरे, पण त्याच्या मापात पाणी शून्यावर उकळे आणि शंभरावर गोठे. तो वारल्यावर लोकांनी ते उलटे टांगले. माझ्या शेजाऱ्यांचा जीव अजून फॅरनहाइटमध्ये आहे. ६५ आणि ६८ हे आकडे ते माझ्यासाठी उच्चारतात. मनातल्या मनात ते १४९ आणि १५४च म्हणत असतात.

आणखी एका माणसाने थर्मामीटर हाती धरला होता, आणि त्याच्या हातात तो पाहून कोणाही बिअरवाल्याच्या पोटात गोळा येई. तो म्हणजे अबकारी खात्याचा गेजर. माल्टच्या रसाचे विशिष्ट गुरुत्व मोजायचे तर ते किती गरम आहे हे आधी पाहावे लागते, कारण तापलेला द्रव फुगून हलका होतो आणि सरकारचा महसूल तेवढा घटतो. तेव्हा हायड्रोमीटरच्या पेटीत थर्मामीटर हा असायचाच. १८८० साली ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर उठवून तो बिअरवर बसवला, तेव्हा घरी बिअर करणाऱ्या माणसालाही परवान्याची अट लागली, आणि ती पुढे १९६३ साली रेजिनाल्ड मॉडलिंग याने अर्थसंकल्पात रद्द करीपर्यंत कागदावर तरी टिकली. माझ्या शेजाऱ्यांच्या वडिलांनी असा परवाना काढलेला त्यांना आठवत नाही, आणि बिअर केलेली मात्र चांगली आठवते. आपल्याकडे १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा अंमल महाराष्ट्रात नाव बदलून अद्याप आहे, आणि त्यात परवान्यावाचून घरी असला उद्योग करणे हा सरळ गुन्हा आहे. त्यामुळे सुटीत गावी गेलो आणि मित्रांनी इकडच्या गोष्टी विचारल्या, की मी या मॅशचे वर्णन जरा आवाज खाली आणून करतो, आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत जी चमक येते ती रसायनशास्त्राविषयीच्या जिज्ञासेची असावी असे मानतो.

थर्मामीटरविषयी इतके बोलावे, आणि आम्ही ज्या सेल उपनगरात राहतो तेथला सर्वांत थोर रहिवासी वगळावा, हे बरे दिसणार नाही. जेम्स प्रेस्कॉट जूल १८१८ साली येथून जवळच सॅलफर्डला बिअरच्या कारखानदाराच्या घरी जन्मला, उमेदीची वर्षे त्या कारखान्याच्या कामकाजात गेली, आणि १८८९ साली तो सेलमध्ये वारला. आज त्याच्या नावाने गावात चालते ते पेयगृह, आणि त्यात त्याचा अपमान झाला असे मला तरी वाटत नाही. खाली पडणारी वजने दोरीने पाण्यातली वल्ही फिरवतात, वल्ह्यांच्या घुसळणीने पाणी तापते, आणि किती कामाने किती उष्णता झाली याचे प्रमाण ठरीव असते, असे त्याचे म्हणणे. प्रयोग ऐकायला सोपा आहे. पण वीस वेळा वजने खाली सोडावीत तेव्हा कोठे पाण्याची उष्णता फॅरनहाइटच्या अर्ध्या अंशाच्या आसपास वाढे, आणि जूलचा सगळा सिद्धान्त त्या अर्ध्या अंशाच्या आतल्या बारीक फटींवर उभा होता. मँचेस्टरच्या जॉन बेंजामिन डान्सर या कारागिराकडून त्याने थर्मामीटर घडवून घेतले आणि त्यांवर अंशाचा दोनशेवा हिस्सा आपण वाचू शकतो असे सांगितले. पुष्कळ विद्वानांना ते खरे वाटेना. मला वाटते, विद्वानांचे तेथेच चुकले. अंशाच्या किंचित फरकाने सबंध पिंप बिघडते हे ज्या घरात जेवणाच्या पानावर बोलले जात असेल, त्या घरातल्या मुलाची नजर काचेच्या नळीवर कशी खिळत असेल, याची कल्पना विद्यापीठात बसून येणे अवघड आहे. १८४७ साली लग्नानंतरच्या प्रवासात आल्प्समध्ये तो हाती लांब थर्मामीटर घेऊन धबधब्याच्या वरचे आणि खालचे पाणी मोजायला निघालेला आपल्याला भेटला, असे शास्त्रज्ञ विल्यम थॉमसनने पुढे सांगितले आहे. नवी नवरी मागून गाडीतून येत होती. पाणी मध्येच तुषार होऊन उडाल्यामुळे मोजमाप साधले नाही. सेलच्या दफनभूमीत जूलच्या शिळेवर ७७२.५५ हा आकडा कोरलेला आहे: एक पौंड पाणी फॅरनहाइटचा एक अंश तापवायला एक पौंड वजन तेवढ्या फुटांवरून पाडावे लागते. वर्षानुवर्षे ज्याने एकच गोष्ट मोजली त्याच्या थडग्यावर दशांशचिन्ह असावे, हे मला न्यायाचे वाटते.

दशांशाचा विषय निघालाच आहे तर दुकानात परत जायला हवे. शेजाऱ्यांनी प्रथम हातात घेतला तो विजेवर चालणारा, लांब सळईचा, चौकोनी पडद्याचा. दोन-तीन सेकंदांत आकडा देतो, आणि तोही दशांशासह. दुकानदार त्याची तारीफ करीत असताना शेजारी मात्र वेष्टनामागचा बारीक मजकूर वाचत होते, आणि तेथे एक अंश इकडे-तिकडे होऊ शकेल असे छापले होते. ज्याला पूर्ण अंशाची खात्री नाही त्याने दशांश सांगावा, ही गोष्ट त्यांना असभ्य वाटली. दुसरा तबकडीचा, दोन धातूंची पट्टी गुंडाळून केलेला, मजबूत, पडला तरी न फुटणारा, आणि मागच्या बाजूला काटा सरकवण्याची चाकी असलेला. पण त्याची सळई दोन-अडीच इंच बुडल्याशिवाय तो नीट सांगत नाही, आणि टोकाला काय चालले आहे हे सांगण्याऐवजी सळईभर जे काही असेल त्याची सरासरी सांगतो. तिसरा पिस्तुलासारखा, लांबून लाल ठिपका टाकून मोजणारा. त्याच्याविषयी मी माझे मत राखून ठेवीत नाही: तो द्रवाची वरची साय तेवढी पाहतो, मध्ये वाफ आली तर तिलाही भुलतो, आणि ज्याला तळाची खबर हवी त्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. चौथा काचेचा, आत रंगवलेले स्पिरिट. नळीवर ७६ मिलिमीटरांवर एक आडवी रेघ कोरलेली. तेथवर तो द्रवात बुडाला तरच त्याचा शब्द धरायचा. स्थिरावायला तो वेळ घेतो. शेजाऱ्यांनी त्याला प्रकाशाकडे धरून, स्तंभ कोठे तुटला आहे का, अंशांच्या रेघा सारख्या अंतरावर आहेत का, हे छापखान्यातल्या सवयीने डोळा बारीक करून पाहिले.

मग दुकानदाराने एक गोष्ट केली, आणि तेवढ्यावरून मी त्याला प्रामाणिक मानतो. आतून त्याने गरम पाण्याचा थर्मास आणला, लाकडी डबीतून प्रयोगशाळेचा दाखला मिळालेला आपला खासगी थर्मामीटर काढला, आणि पाणी ६६वर येईपर्यंत गार पाण्याची धार सोडली. नंतर एकेकाची साक्ष झाली. तबकडी म्हणाली ६९. विजेवरचा म्हणाला ६६.४. काचेचा बराच वेळ वर चढत राहिला आणि ६७ला थांबला. शेजाऱ्यांनी पाणी थोडे निववून पुन्हा पाहिले, पुन्हा तापवून पाहिले. तबकडी एकदा तीन अंश पुढे, एकदा दोन. विजेवरचा जवळपास बरोबर, पण दर वेळी निराळ्या बाजूने. काचेचा प्रत्येक वेळी एक अंश जास्त, ना कमी ना अधिक. त्यांनी काचेचा घेतला. मी घेतला असता तर विजेवरचा घेतला असता, आणि तसे त्यांना बोलूनही दाखवले, त्यावर ते म्हणाले, "अहो, जो नेहमी एकच पौंड उशिरा फेडतो त्याच्याशी व्यवहार करता येतो." हिशोबाच्या दृष्टीने हे वाक्य तपासण्याच्या भरीस मी पडलो नाही.

घरी आल्यावर त्यांनी रीतीप्रमाणे बर्फाचा चुरा आणि पाणी यांच्या रबडीत तो उभा करून शून्य पाहिले, उकळत्या पाण्याच्या वाफेत धरून शंभर पाहिले. दोन्ही टोकांना तो ठीक निघाला, आणि शेजाऱ्यांच्या मते तीच या परीक्षेची उणीव आहे: बिअर काही शून्यावर होत नाही आणि शंभरावरही नाही, जेथे काम आहे तेथे यंत्र काय म्हणते ते पाहावे. मी त्यांना सांगितले, की आमच्या महाबळेश्वरला, साडेचार हजार फुटांवर, पाणी ९५-९६ अंशांतच उकळते. तेथे हा थर्मामीटर कोणी तपासला असता तर निष्पाप असूनही खोटा ठरला असता. जुने मोजणीदार याचाच उपयोग करून डोंगरावर पाणी उकळीत आणि उकळीच्या अंशावरून उंची काढीत, हे ऐकून ते इतके प्रसन्न झाले की मॅशसाठी पाणी तापत ठेवलेले विसरले. डोंगर चढून जाऊन चहाचे आधण ठेवावे आणि समुद्रसपाटीची खबर काढावी, ही कल्पना त्यांना दिवसभर पुरली.

त्या शनिवारच्या मॅशला मी होतो. जव कालवून झाला, झाकणाची फट ठेवून थर्मामीटर मध्यभागी रेघेपर्यंत बुडवला, आणि आम्ही त्या लाल स्तंभाकडे पाहत उभे राहिलो. ६८, म्हणजे खरे ६७. मग शेजाऱ्यांनी तोच थर्मामीटर कडेला घातला, तर खरे ६५. कोपऱ्यात, जेथे जवाचा गोळा नीट फुटला नव्हता, तेथे चौसष्टीच्याही खाली. एका पेटीत एका वेळी तीन निरनिराळ्या बिअर शिजत होत्या, आणि एवढ्या चिकित्सेने आणलेला थर्मामीटर त्या तिन्हींविषयी सारख्याच निष्ठेने खरे सांगत होता. दुकानातल्या भिंतीवर यंत्रे एकमेकांशी भांडत होती. येथे यंत्र एकच, आणि पाण्याचेच आपसात एकमत नव्हते. शेजाऱ्यांनी यंत्र बाजूला ठेवले, लाकडी दांडा घेतला आणि तळापासून सावकाश, कडेकडेने ढवळत राहिले. गुऱ्हाळातल्या दांड्याची ढब तीच होती, फक्त काहील लहान. पाऊण तासानंतर त्यांनी चिनी मातीच्या पांढऱ्या बशीत रसाचा थेंब घेऊन त्यावर आयोडीन टाकले. थेंब काळानिळा झाला, म्हणजे पिष्ट अजून शिल्लक होते. आणखी वीस मिनिटांनी दुसरा थेंब घेतला. आयोडीन आपल्या मूळच्या तांबूस रंगानेच पसरले. त्यांनी बोट बुडवून तो रस चाखला, मलाही चाखायला दिला. उसाच्या रसाहून तो सौम्य, भाजक्या पिठाच्या चवीचा होता, आणि त्यात ६५ किती, ६८ किती, हे माझ्या जिभेला तरी सांगता आले नाही. त्यांना ते सांगता येते असे ते म्हणतात. मी त्यावर अविश्वास दाखवलेला नाही.

आता त्यांनी नवाच बेत काढला आहे. वसंतात एक घाण बोहेमियाच्या रीतीने करायचे. तिसरा हिस्सा काढून उकळायचा, परत ओतायचा, आणि थर्मामीटरकडे ढुंकून पाहायचे नाही. आपल्याच्याने मोह आवरणार नाही हे ओळखून त्यांनी माझ्यापुढे अशी तजवीज मांडली आहे, की त्या दिवशी थर्मामीटर माझ्या ताब्यात राहावा, प्रत्येक पायरीला त्यांची पाठ वळली असता मी तो मॅशमध्ये बुडवून आकडा टिपून ठेवावा, आणि बिअर बाटल्यांत भरून पिण्याजोगी होईपर्यंत त्याचा चकार शब्द काढू नये. माझ्या पत्नीचे मत असे, की हे गृहस्थ दुसऱ्याच पायरीला हात पुढे करतील. "आणि तुम्ही द्याल हो त्यांना, तुमच्याच्याने नाही म्हणवायचं नाही," असेही तिने वर सांगून ठेवले आहे. मी होकार दिलेला आहे, कागद आणि शिसपेन्सिल गॅरेजातल्या खणात आधीच नेऊन ठेवली आहेत. फक्त त्यांनी मागितले तर आकडे खरे सांगायचे की थर्मामीटरने सांगितलेले सांगायचे, ही एक अंशाची बाब आमच्यात अजून ठरायची आहे.